थोरलीच्या नावाचं मत

सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ‘टीचर, आता तुम्ही रिकाम्याच असाल,’ अशी त्यांनी सुरुवात केली आणि दूध उतू गेलं. निवृत्त बाईला रिकामी म्हटलेलं मला खपत नाही. पण सिस्टर माझ्या जुन्या मुख्याध्यापिका. बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चला लागून असलेल्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यातली निम्मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्यापुढे माझा राग फार तर ओट्यावर निघतो. मी ओटा पुसत पुसत ऐकत राहिले.

सप्टेंबरात मेरीमातेचा सण असतो. त्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये महिला मंडळ केक आणि भरतकाम विकायला ठेवतं. या वर्षी सिस्टरांच्या मनात वेगळंच होतं. त्यांना चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि विषय होता, आपल्या भागातल्या बायकांचं पहिलं मत. बायकांना मताचा हक्क कसा मिळाला हे मुली पुस्तकातून पाठ करतात, पण आपल्या घरातल्या कोणत्या बाईनं पहिला शिक्का मारला हे एकीलाही सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायका फक्त चर्चमधल्या नकोत, आजूबाजूच्या गावांतल्याही हव्यात. बावीस बायका, बावीस चित्रं, प्रत्येक चित्राखाली कार्डावर तिचं नाव, गाव आणि चार ओळी. चित्रं कोण काढणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तीन रविवार आम्ही दोघी हॉलमध्ये टेबल टाकून बसलो. लोक येत, आपल्या आजीची, सासूची, मावशीची हकिगत सांगत. फोटो फारसे कुणाकडे नव्हतेच. पण खरा घोळ नावांचा होता. सिस्टरांनी पहिल्या फलकासाठी जुनी माहिती काढली होती. स्वातंत्र्याच्या आधी मत होतं ते घरपट्टी भरणाऱ्यांना नाहीतर शिकलेल्यांना, आणि बायकांत तशा बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे सगळ्यांना एकदम मत मिळालं, तर यादी करायला दारात आलेल्या माणसाला कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तशी नावं मग यादीतून गळाली. हे वाचून आम्ही हसलो खरं, पण आमच्या टेबलासमोरही तेच चाललं होतं. एका सुनेनं सासूचं नाव विचारायला तीन ठिकाणी फोन लावले आणि तीन वेगळी नावं हाती आली. एक नातू म्हणाला, ‘आम्ही तिला आज्जीच म्हणत होतो.’ मी म्हणाले, ‘अरे, चाळीस वर्षं तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यास ना?’ सिस्टरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

माझी स्वतःची बाई मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. माझी आई. ती आज शहाऐंशी वर्षांची आहे आणि येळ्ळूरच्या पुढे आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे राहते. गुडघे सोडले तर सगळं शाबूत. मी हिंडलग्याला राहते, म्हणजे आमच्या मध्ये अख्खं बेळगाव. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली.

आईच्या पहिल्या मताची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की आता ती तोंडपाठ आहे. बाविसाव्या वर्षी ती गावातल्या बायकांबरोबर शाळेत मत घालायला गेली. टेबलापाशी बसलेल्या साहेबानं यादीतलं नाव वाचलं, तिनं मान हलवली. साहेब म्हणाला, नवऱ्याचं नाव सांग. आता आमच्याकडची त्या वेळची बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणार कशी? लग्नकार्यात उखाण्यात घेतलं तर घेतलं. आई पदर तोंडात धरून उभी. साहेबाला घाई. मागं रांग खोळंबलेली. शेवटी मागून चुलत सासऱ्यांनी ओरडून आप्पांचं नाव सांगितलं आणि सगळी शाळा हसली. आप्पा ही गोष्ट रंगवून सांगायचे, आणि ते सांगत असताना आई तोंडाला पदर लावून पुन्हा तशीच उभी राहायची.

मी तेच चित्र काढलं. टेबल, टेबलामागं चष्मेवाला साहेब, आणि पुढे हिरव्या लुगड्यातली, पदराचं टोक दातात धरलेली तरणी बाई. आईचा त्या वयातला फोटो नाहीच. तिचं आजचं तोंड डोळ्यांपुढे ठेवायचं आणि त्यातली साठ-पासष्ट वर्षं पुसायची, असं करत करत मी दोन आठवडे घालवले. जमलं नाही तिथं आरशात बघून माझं उसनं घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पेरू आणि सुरई काढायला शिकवलं, आईला कधी समोर बसवलं नव्हतं. याची मला त्या दोन आठवड्यांत लाज वाटली. पण चित्र चांगलं उतरलं. हे मीच म्हणते आहे, कारण सिस्टरही म्हणाल्या. आमंत्रणपत्रिकेवर त्यांनी तेच छापलं आणि भिंतीवर मधली जागा त्याला दिली.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी मी कार्डाचा मजकूर घेऊन गावी गेले. आईला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवायला. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी मोठ्यानं वाचलं. तिचं नाव, गावाचं नाव, बाविसाव्या वर्षी दिलेलं पहिलं मत, वगैरे.

‘नाव खोड त्ये,’ आई म्हणाली.

मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, ‘अगं, सगळ्यांचीच नावं आहेत.’

‘खोड म्हणायलोय न्हवं? त्ये मत माझं न्हाय. थोरलीचं हाय.’

आमच्याकडच्या बायका आलो, गेलो, म्हणायलोय असंच बोलतात. मी नोकरी लागल्यावर आले-गेले शिकले. आईनं ते कधी मनावर घेतलं नाही.

थोरली म्हणजे आप्पांची पहिली बायको. ती पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि वर्षभरानं आई दुसरेपणावर या घरात आली. हे आम्हा भावंडांना माहीत होतं, कारण ते आईच्या गळ्यातच होतं. काळ्या दोऱ्यात ओवलेला, नखाएवढा चांदीचा टाक, त्यावर बाईची आकृती, घासून घासून नाकडोळे गेलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं आधीच्या बाईचा टाक गळ्यात घालायचा ही आमच्याकडची जुनी रीत. आणि नुसता घालायचा नाही. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला आंबा, पहिल्या शेंगा, पोरांच्या बारशाचा पेढा, सगळं आधी तिला दाखवायचं, मग तोंडात घालायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं, आईला छातीला हात लावून खायची खोडच आहे. आप्पा गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक राहिला.

‘यादी करून गेलते तवा थोरली हुती,’ आई सांगू लागली. शेंगा फोडणं चालूच होतं. ‘मागनं ती गेली, मी आलो. यादीत नाव तिचंच ऱ्हायलं. बदलायला कोण जातंय? मताच्या आदल्या दिशी गावातली सगळी म्हणायली, एक बी नाव वाया जाऊ द्यायचं न्हाय, गाव महाराष्ट्रात जायाचं हाय. तुझं आप्पा म्हणालं, सायेब नाव वाचील, तू नुसती मान हलीव. तसंच केलं. त्यानं वाचलं त्ये तिचं नाव. म्या मान हलवली.’

‘आणि नवऱ्याचं नाव?’

‘त्ये दोघींचं बी एकच की गं,’ आई म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर खिदळत होतो तिच्या आत हे बसलं होतं, आणि आप्पांनी गोष्ट सांगताना तेवढं बरोबर गाळलं होतं. पदर दातात धरलेली ती बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होती, हे खरं. पण त्याआधी तिनं दुसऱ्या बाईच्या नावाला हो म्हटलं होतं.

मी विचारलं, ‘मग एवढी वर्षं चोरी केली असं वाटत होतं का तुला?’

‘चोरी कशाची? पयलं समदं तिलाच देत आलोय. मत बी पयलं तिलाच गेलं. पुढच्या खेपंला यादीत माझं नाव आलं, तवा माझं घातलं. पर तुमचं पर्दर्शन पयल्या मताचं हाय न्हवं? मग पयलं तिचं हाय. तिचं नाव लिही. तिचं म्हायार बी लिही. कोगनोळी.’

हिशेब चोख होता. पण मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मला माझ्या आईचं नाव भिंतीवर लावायचं होतं. शिक्षकांच्या सभेत, पालकांच्या सभेत मी अठ्ठावीस वर्षं इतरांच्या आयांची नावं ऐकली. माझ्या आईचं नाव रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर अण्णाच्या खाली, आणि दवाखान्याच्या फायलीवर, बस्स. एकदा, फक्त एकदा, लोकांनी उभं राहून ते वाचावं एवढीच माझी इच्छा होती. आणि ही बाई ते एका टाकाला देऊन टाकायला निघाली होती. मी हे सगळं जवळजवळ ओरडूनच बोलले. आतून अण्णा आला. ‘जाऊ दे गं,’ तो म्हणाला, ‘तुला पायजे त्ये लिही. तिला कुठं वाचाया येतंय?’

चर्चमध्ये पाप कबूल करायची वेगळी जागा असते. मी ते इथे करते. घरी येऊन मी आईचंच नाव लिहिलं. आईला वाचता येत नाही, हाच विचार करून लिहिलं. चांगलं, ठसठशीत, काळ्या शाईत.

उद्‌घाटनाच्या दिवशी अण्णा आईला घेऊन आला. आठवडाभर ती माझ्याकडेच राहणार होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, एका हातात काठी आणि एका हातात पानाची पिशवी घेऊन ती हॉलमध्ये शिरली, आणि थेट आपल्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, ‘नाक माझं न्हाय. तुझं हाय.’ मग शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांना म्हणाली, ‘बाई, खालचं वाचून दावा बघू.’

मला विचारलं नाही. सिस्टरांना विचारलं.

सिस्टरांनी वाचलं. आईनं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. आईच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत, मारही खाल्ला आहे, पण असं गप्प बसणं कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं. चाळिशीनंतर माणूस आईपुढे शरमत नाही, अशी माझी समजूत होती. ती खोटी निघाली.

मग मी सिस्टरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘टीचर, म्हणजे मेलेल्या बाईच्या नावावर मत? याला काय म्हणतात माहीत आहे ना?’

‘बोगस म्हणतात,’ मी म्हटलं. ‘आणि आमंत्रणपत्रिकेवर छापतात.’

सिस्टर आईशेजारी जाऊन बसल्या. सणाचे दिवस होते. हॉलच्या टोकाला मेरीमातेची मूर्ती होती, तिच्यापुढे फुलं आणि नव्या भाताच्या लोंब्या ठेवल्या होत्या. आमच्या बाजूला तेव्हा भात अजून हिरवंच असतं. यांनी कुठून तरी लवकर पिकणारं हळवं भात पैदा केलं होतं. आई ते मघापासून बघत असावी.

‘ही लोंबी घरात खायाच्या आधी हितं आणतासा व्हय?’ तिनं विचारलं.

‘हो, आज्जी. पहिलं पीक आधी तिला. मग घरात.’

‘मग!’ आई म्हणाली.

तेवढंच. सिस्टर उठून माझ्याकडे आल्या. ‘कार्ड बदला, टीचर. यादीत नाव तिचं, पेटीत मत तिच्या नावचं. सरकारी कागद तुमच्या आईच्या बाजूनं आहे.’

मी तिथंच पाटी मांडीवर घेऊन नवं कार्ड लिहिलं. थोरलीचं नाव, आमचं गाव, माहेर कोगनोळी, पहिलं मत. बाकी काही नाही. अक्षर रागानं वाकडं आलं ते तसंच ठेवलं. बावीस चित्रांत माझ्या आईचा चेहरा सगळ्यांत मोठा होता, आणि बावीस नावांत तिचं नाव नव्हतं.

आई मात्र खूश झाली. रोज सकाळी आवरून माझ्या आधी दारात उभी. हॉलमध्ये चित्राखालची खुर्ची तिची ठरली. पंखा डोक्यावर, पिशवीत पान, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका. चेहरा बघून कुणी विचारलंच, ‘आज्जी, ह्या तुम्हीच का?’ तर ती म्हणायची, ‘खाली लिवलंय की. वाचा.’ महिला मंडळातल्या बायकांशी तिची इतकी गट्टी जमली की त्यांनी तिला केक कसा फुगतो ते समजावलं आणि तिनं त्यांना बाळंतिणीला काय घालावं ते. मी कोपऱ्यात वहीवर सह्या घेत बसायची आणि आतल्या आत धुमसायची.

तिसऱ्या दिवशी बेळगावच्या एका पेपरात प्रदर्शनाची बातमी आली, बावीस नावं आणि कार्डांवर होती तशी गावं-माहेरं देऊन. आणि शेवटच्या दिवशी दुपारी, आम्ही आवरायला घेणार तेवढ्यात, एक बाई दारात आली. साठीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, पायात प्रवासाची धूळ, हातात घडी घालून घालून चुरगळलेला पेपर. तिनं मला विचारलं, ‘आक्का, कोगनोळीच्या बाईचं चित्र कुठलं?’

ती थोरलीची भाची होती. तिच्या भावाची मुलगी. माहेरही कोगनोळी, सासरही कोगनोळी. आत्या गेली त्यानंतर काही वर्षांनी ही जन्मली, आणि आज्जीनं हट्टानं मेलेल्या लेकीचं नाव हिला ठेवलं.

‘त्या दिशी पेपर उघडला तर माझंच नाव, माझंच गाव,’ ती म्हणाली. ‘आत्या गेली, तवापास्नं आमच्या आज्जीनं ह्या वाटंला तोंड केलं न्हाय. कुणाचं येणं न्हाय, जाणं न्हाय. आमच्यात तिचा फोटू न्हाय, काय न्हाय. नावच तेवढं हाय, त्ये बी माझ्यावरच.’

मी तिला चित्रापुढे नेलं. ती वाकली, चित्राच्या खालच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला. मग नीट उभी राहून बघू लागली. कार्ड वाचलं. पुन्हा वर बघितलं. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत.

‘अशी दिसायची व्हय आत्या?’

मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं. ही माझी आई आहे, तुमची आत्या नव्हे, तुमची आत्या कशी होती हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही, असं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मागून खुर्चीतून आवाज आला.

‘व्हय. अश्शीच हुती.’

आईनं थोरलीला कधी पाहिलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा थोरलीची राख होऊन वर्ष झालं होतं. चार ओळींच्या कार्डात एक अक्षर खोटं नको म्हणून जिनं मला चार लोकांत खाली बघायला लावलं, ती बाई चर्चमध्ये बसून इतकं धडधडीत खोटं बोलली, आणि तिच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

‘नाक तर आमच्या आज्जीचंच हाय,’ भाची म्हणाली.

‘आसंलच की,’ आई म्हणाली. ‘घिऊन जा त्ये चित्र. तुझंच हाय.’

‘आई!’ मी म्हणाले.

‘बांधून दे तिला नीट. काच हाय, फुटंल.’

मी आईला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हळू आवाजात, पण दातओठ खात बोलले. हे चित्र मी काढलं आहे. दोन आठवडे खपले आहे. हा तुझा चेहरा आहे. नाव दिलंस, ते दिलंस. आता चेहरा पण? आईनं सगळं ऐकलं. ती म्हणाली, ‘तुला मी पायजे तवा दिसतोय. तिला कवा दिसणार तिची आत्या?’ आणि काठी टेकत आत निघून गेली.

जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं बांधून मी चित्र भाचीच्या हातात दिलं. ती एस्टीनं जाणार होती. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले, कारण तिला एकटीला ते पेलणार नव्हतं. खिडकीशी चित्र उभं धरून ती बसली आणि गाडी सुटली. मी तिथंच उभी राहून रडले. कंडक्टरनं विचारलं, ‘कुठं जायाचं, बाई?’ मी म्हटलं, कुठंच नाही.

दिवाळीनंतर मला कोल्हापूरला जायचं होतं. कोगनोळीच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग लागली होती. मी गाडीवाल्याला म्हटलं, तेवढ्यात गावात जाऊन येऊ. भाचीचं घर कुणीही दाखवलं. तिनं ओढतच आत नेलं. बाहेरच्या सोप्यात, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशा भिंतीवर, माझी आई लटकत होती. काचेवर कपाळाच्या जागी कुंकू, खाली समईत वात, आणि चौकटीला ताज्या झेंडूचा हार.

जिवंत माणसाच्या फोटोला आपल्याकडे हार घालत नाहीत. पदर दातात धरून बावीस वर्षांची माझी आई हाराच्या आतून माझ्याकडे बघत होती. भाची म्हणाली, ‘ह्या दिवाळीला पयल्यांदा आत्याला म्हायारची साडी दावली बघा. नमस्कार करा की, आक्का.’ तिची सून, नातवंडं सगळी उभी होती. मी नमस्कार केला. काय करणार? चहा घेतला, लाडू खाल्ला आणि निघाले.

परतताना हिंडलग्याला न जाता सरळ गावी गेले. अण्णाला सांगितलं तर तो हबकला. ‘जित्या माणसाला हार? आताच्या आता काढायला लाव.’ वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. मी आईजवळ जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, कुंकू, वात, हार, साडी, काहीही न गाळता. म्हटलं, आई, मला अजून राग आहे. तू उद्या गेलीस तर भिंतीवर लावायला माझ्याकडे काय आहे? माझ्या हातनं उतरलेला तुझा एकच चेहरा, तोही दुसऱ्या घरात दुसऱ्या बाईच्या नावानं लावलाय. बोलता बोलता मला रडू फुटलं.

आईनं मला रडू दिलं. मग तिनं विचारलं, ‘साडी कसली हुती?’

‘मोरपिशी. जरीकाठी.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. काठी बाजूला ठेवली, पाय लांब करून भिंतीला पाठ लावून ताठ बसली, आणि पदर डोक्यावरनं नीट ओढून घेतला.

‘पेन्शल हाय का पिशवीत? काढ मग. पयलं तिचं झालं. आता माझं काढ. खाली माझं नाव लिही.’